सर्व्हरवर दारं धरताना

बारामतीत कुणालाही काहीही सामायिक नको असतं. सामायिक विहीर, सामायिक बांध, सामायिक बोअर, यांतल्या एकाने तरी ज्याला कोर्टाची पायरी दाखवली नाही असं घर आमच्या तालुक्यात शोधून सापडायचं नाही. त्यामुळे मी वेबसाइटचा धंदा सुरू केला तेव्हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. साइट कशी दिसेल, कधी होईल, हे सगळं नंतर. आधी एकच: "मॅडम, सर्व्हर आपला एकट्याचाच हाय ना?"

एकट्याचा कसला! माझा सर्व्हर म्हणजे मुंबईतल्या कुठल्याशा थंडगार इमारतीत भाड्याने घेतलेला एक कॉम्प्युटर. मी तो डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही. त्याच्यावर बारामतीचे एक दातांचे डॉक्टर, एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल, वडगाव निंबाळकरची एक डेअरी, पळसदेवकडचा पक्षी दाखवायला बोट नेणारा नावाडी आणि इंदापूरचं एक बौद्ध वधू-वर मंडळ, असे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. एकमेकांचा पत्ता नव्हता, म्हणूनच गुण्यागोविंदाने. कुणी फारच खोदून विचारलं तर मी म्हणायची, "तुमची जागा वेगळी आहे." आणि ते काही खोटं नव्हतं.

वधू-वर मंडळ चालवणारे रिटायर्ड गृहस्थ दर महिन्याला आपला पासवर्ड विसरत. तो विचारायला फोन करत आणि जाता जाता मला एक स्थळ सांगत. मी तिशी ओलांडलेली, आईबापांजवळ काटेवाडीत राहणारी, रोज स्कूटीवरून बारामतीतल्या माझ्या गाळ्यात येणारी बाई. त्यांच्या दृष्टीने मी म्हणजे डोळ्यांदेखत वाया चाललेला माल. पासवर्ड ते खरंच विसरत की मुद्दाम, हे मला अजून कळलेलं नाही.

आता इतक्या साइट एका यंत्रावर राहतात कशा, हे मी डॉक्टरांना समजावून थकले, पण शेतकऱ्याला एका वाक्यात सांगता येतं. सगळ्यांच्या पुढे एक प्रोग्रॅम बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. नाव ऐकून वाटावं, कसलं तरी ऑपरेशन करायचंय. काम मात्र साधं. तो प्रोग्रॅम दारं धरतो.

ज्यांनी शेताला पाणी दिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटाने पाणी येतं ते एकच. वाफे अनेक. ज्या वाफ्याची पाळी, त्याच्या तोंडाची माती खोऱ्याने ओढायची, की पाणी आत वळतं. वाफा भरला की माती लोटून ते तोंड बंद करायचं आणि पुढचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. सर्व्हरवर पाण्याऐवजी माणसं येतात. कुणी मोबाइलवर दातांच्या डॉक्टरांचं नाव टाइप केलं, कुणी बोटवाल्याचं. सगळी एकाच पाटाने माझ्या यंत्रापर्यंत येतात. पुढे बसलेला प्रोग्रॅम प्रत्येकाच्या कपाळावरचं नाव वाचतो आणि त्याला त्या त्या वाफ्यात सोडतो. मागे कोण कुठल्या खोलीत बसलंय, हे येणाऱ्याला कधी दिसत नाही.

त्याच्या यादीत दर साइटच्या नावाची एक ओळ असते; ती लिहायची राहिली तर मात्र गंमत होते. निनावी पाणी पहिल्या वाफ्यात शिरतं. बोटवाल्याची साइट नव्याने बसवली तेव्हा एक दुपारभर फ्लेमिंगो बघायला निघालेली पुण्यातली माणसं ड्रायव्हिंग स्कूलच्या पानावर उतरत होती. स्कूलच्या मालकांचा मला फोन आला. "मॅडम, येक बाई इचारत्यात, पक्षी आले का म्हून. मी सांगितलं, हितं फक्त क्लच शिकवत्यात." मी हसून घेतलं, नाव लिहिलं, पक्षी जागेवर गेले.

मला दारं धरायला शिकवलं ते माझ्या चुलत्यांनी. मी त्यांना तात्या म्हणते. आबा, म्हणजे माझे वडील, थोरले, आणि तात्या धाकटे. आबांना शिकवायचा धीर नाही. ते एकदा सांगतात, दुसऱ्यांदा ओरडतात आणि तिसऱ्यांदा खोरं हातातून काढून घेतात. तात्या मात्र मला चिखलात उभी करून स्वतः बांधावर बसत आणि तंबाखू मळत म्हणत, "पाण्याकडं नगं बघू. वाफ्याकडं बघ. पाणी येतंच." शाळेतून आले की मी दप्तर टाकून त्यांच्याकडे पळायची. काकूच्या हातची भाकरी खायची आणि बरेचदा तिथेच झोपायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला दोन आया आहेत असंच मी कितीतरी वर्षं समजत होते.

मग विहिरीची मोटार जळली.

मोटार काय, जळतच असते. पण ही सामायिक विहिरीवरची. आबा म्हणाले, धाकट्याने पाणी नसताना चालू ठेवली. तात्या म्हणाले, थोरल्याने फ्यूजला जाड तार बांधली. विहीर सामायिक, मोटार सामायिक, स्टार्टर सामायिक, तेव्हा दोषही सामायिक धरायला काही हरकत नव्हती. पण नेमका तेवढाच कुणी वाटून घेईना. शब्दाने शब्द वाढला आणि मोटारीवरून जो विषय निघाला तो लहानपणी कुणाला मारलं आणि कुणाला जवळ घेतलं इथपर्यंत गेला. शेवटी वाटण्या झाल्या. तात्यांनी आपला हिस्सा कसायला दिला आणि ते काकूच्या माहेराला, पळसदेवला जाऊन राहिले. तिथे उजनीच्या पाण्याकडेला थोडी जमीन घेतली. इथे दोघं भाऊ मिळून भाजीपाल्याच्या रोपांची रोपवाटिका चालवायचे. आता काटेवाडीत आबांची एक आणि पळसदेवला तात्यांची एक, अशा दोन झाल्या.

त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. हे मी बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही. खरोखरच पाहिलं नाही. लग्नकार्याला एक जण आला की दुसरा जात नसे. विहारात एक पुढच्या दाराने शिरला तर दुसरा चपला घालून निघायचा. आबांनी घरात सांगून टाकलं, "त्या घरची पायरी चढायची न्हाय." आबा एकदा बोलले की बोलले. आईने आजवर त्यांना वळवायचे जेवढे प्रयत्न केले, तेवढ्यात तिने एखादी नदी वळवली असती.

मी पायरी चढत नव्हते. मी वेबसाइट दुरुस्त करायला जात होते.

झालं असं की, आबांसाठी मी बुकिंगची साइट केली आणि त्याच आठवड्यात तात्यांचा फोन आला. "मला बी येक पान करून दे. जास्त काय नगं. नाव, फोटू आन नंबर. बुकिंग-बिकिंग मी फोनवरच घेतो." मी केलं. दोघांच्या साइट त्याच यंत्रावर, एकाच्या शेजारी एक, बसल्या. आबांना यातलं काही माहीत नव्हतं. आणि मग दर महिन्याला एकदा स्कूटी काढून मी पळसदेवला जाऊ लागले. काकू धरणातली चिलापी मासळी तळायची, तात्या उसाच्या, पाण्याच्या, गावच्या गोष्टी सांगायचे, मी मांडी घालून जेवायची. एकाच पानाच्या साइटमध्ये दर महिन्याला असं काय दुरुस्त करायचं असतं, हे ना काकूने कधी विचारलं ना मी कधी सांगितलं.

मला भीती एकच होती. आबांना कळलं तर ते म्हणणार, सोड ते काम. आणि ते काम सुटलं की माझी काकू सुटली, तात्या सुटले. बोटवाल्याचं आणि वधू-वर मंडळाचं काम फोनवरच भागायचं, त्यामुळे इंदापूरच्या बाजूला जायला मला दुसरं कुठलंच निमित्त नव्हतं. आबांचा शब्द मोडून उघड जाण्याइतकी मी धीट नव्हते, आणि न जाता राहण्याइतकी शहाणी नव्हते. म्हणून ते एक पान मी जीव लावून जपत होते.

आबांचं बुकिंग दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू. कुणाला कुठलं वाण किती हवं हे त्या दिवशी कळतं आणि त्या बेताने आबा लगेच ट्रेमध्ये बी टोकायला घेतात. पूर्वी हे सगळं फोनवर चालायचं आणि आबांचा कान लाल व्हायचा. साइट आल्यापासून शेतकरी घरबसल्या वाण निवडून हिरवं बटण दाबायचे. मी ते बटण हिरवं का केलं, हा माझा मूर्खपणा. मोटारीच्या स्टार्टरचंही बटण हिरवंच असतं.

आमच्याकडे लाइट आली की व्होल्टेज बेताचं असतं. हिरवं बटण दाबलं की मोटार घुर्र करते आणि बसते. मग परत दाबायचं. परत बसते. परत दाबायचं. कधीतरी धरते. हे बाळकडू घेऊन वाढलेली माणसं आम्ही. त्या वर्षी बुकिंगच्या आदल्या दिवशी आबांनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मला न विचारता, आवाजी निरोप टाकला: "उद्या सकाळच्याला गर्दी असंल. लगीच न्हाय झालं तर सोडू नगा. हिरवं बटण दाबतच ऱ्हावा. कवातरी धरंल."

आणि बारामती-इंदापूर, दोन्ही तालुके दाबत राहिले.

मी सकाळी गाळ्यात येऊन चहा सांगते न सांगते तोच आबांची साइट बसली. पडद्यावर पाचशे दोन आकडा. त्याचा अर्थ असा की दारं धरणारा जागेवर आहे, पण ज्या वाफ्यात पाणी सोडायचं तो वाफा तुंबलाय, उत्तरच देत नाही. शेजारी डॉक्टरांचे दात चमकत होते, डेअरीचे दर झळकत होते, बोटवाला मजेत होता. वाफे वेगळे असल्याचा हा फायदा. बुडाले ते एकटे आबा. मी बुकिंगचा प्रोग्रॅम बंद करून चालू केला. तो उठला आणि उठल्या उठल्या त्याच्यावर अख्खा गाव तुटून पडला. पुन्हा केला. पुन्हा तेच. प्रत्येक जण बटण दाबतोय आणि प्रत्येक दाबणं म्हणजे एक नवं बुकिंग. एका सणसरच्या माणसाच्या नावावर तर जिल्ह्याला पुरेल इतकी मिरची चढली होती.

आबांचा फोन सतत एंगेज. आईचा लागला तर मागे ट्रे भरणाऱ्या बायांचा कालवा. आईने ओरडून सांगितलं, "लोकं म्हणत्यात बंद पडलंय, दुसरीकडं जातो!" दुरुस्ती मला समजली होती. एकदा दाबलं की बटण मरेल असं करायचं, खोटी बुकिंगं काढायची. पण त्याला दुपार कलली असती. तोवर येणाऱ्या माणसांचं काय करायचं? त्यांना कुठेतरी वळवायला हवं होतं. अशा जागी, जिथे साधं पान आहे, कितीही माणसं आली तरी जे बुडत नाही, आणि फोन उचलून वाणाची चार वाक्यं बोलू शकेल असं जाणतं माणूस आहे.

अशी जागा माझ्या यंत्रावर एकच होती. एक ओळ बदलली की आबांचं नाव टाइप करणारा प्रत्येक जण तात्यांच्या पानावर उतरला असता. आणि त्याच ओळीबरोबर आबांनाही सगळं कळलं असतं.

मी चहा गार करून प्यायले. आमच्या भागात एक रीत आहे. शेजाऱ्याची मोटार जळली आणि त्याचं उभं पीक माना टाकायला लागलं, तर आपली पाण्याची पाळी त्याला उसनी द्यायची. बोलणं नसलं तरी. कोर्टात केस चालू असली तरी. एक दिवस पाणी द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी खुशाल तारखेला उभं राहायचं. पाळी मागायला लाज नाही आणि नाकारली तर मात्र गावात तोंड दाखवायला जागा नाही. मी तात्यांना फोन लावला.

"जय भीम, तात्या."

"जय भीम. काय गं, बंद पडली का माझी साइट?"

"तुमची नाही. आबांची."

पलीकडे फवाऱ्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"आज बुकिंगचा दिस हाय त्याचा," तात्या म्हणाले.

"हो. दुपार होईल नीट व्हायला. तोवर त्यांची माणसं तुमच्या पानावर वळवू का? फोन तुम्हाला येतील."

"त्याला इचारलंस?"

"नाही."

"इचारू नगं. न्हाय म्हनंल." आणि मग, "वळव. पाळीला कुठं भांडण असतं व्हय? पर तुजं काय? त्याला कळंल की तू हितं येतीस म्हून."

तात्यांनी हे विचारलं आणि मला एकदम रडूच आलं. माझं काय, हे बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी म्हटलं, "माझं मी बघते." आणि ओळ बदलली.

त्या दिवशी पळसदेवच्या त्या घरात तात्या एका फोनवर आणि काकू दुसऱ्या फोनवर, अशी दोघं जेवणसुद्धा न करता बसली. प्रत्येक बुकिंग ते मला आवाजी निरोपाने पाठवत होते. नाव, गाव, वाण, ट्रे. मी इकडे दुरुस्ती करता करता ऐकत होते. मधूनच तात्यांचं फोनवरचं बोलणंही त्यात यायचं. "व्हय, व्हय, काटेवाडीचीच रोपवाटिका. बोला तुमी." एकाने त्यांना ओळखलं. तो म्हणाला असावा, की आता तुमच्याशीच बोलतोय तर रोपंही तुमचीच द्या. तात्या म्हणाले, "न्हाय. थोरल्याच्या नावानं आलाय ना तुमी? मंग त्याचीच घ्या. माझ्यापेक्षा बरी असत्यात." काकू एका बाईला वांग्याच्या भरताची कृती सांगत असल्याचंही एका निरोपात आलं. ते मी बुकिंगमध्ये धरलं नाही.

दुपार कलता कलता आबांचा प्रोग्रॅम उठला. बटण आता एकदा दाबलं की करडं होत होतं. तात्यांनी घेतलेली सगळी बुकिंगं मी त्यात चढवली आणि पाणी परत आबांच्या वाफ्यात सोडलं. तात्यांना कळवलं, "झालं. दार बंद केलं तुमच्याकडचं." ते म्हणाले, "बरं." आणि मग, "जेव आता."

मी डबा उघडला आणि आईचा फोन आला. आवाज खाली दाबलेला. "कळलंय बघ. वडगावचा येक जण फोनवर म्हनला, 'आबा, धाकट्यानं लई नीट बुकिंग घेतलं, मिटलं वाटतं तुमचं.' झालं, गाडी काढलीया. तिकडंच यायलेत." डबा मी परत झाकला.

आबा माझ्या गाळ्यात तोवर कधी आलेच नव्हते. दुकान टाकलं तेव्हा पेढे घरीच खाल्ले. अर्ध्या तासात त्यांची मोटरसायकल खाली वाजली. ते जिना चढून आले, हाताला ट्रेमध्ये भरायचं कोकोपीट तसंच लागलेलं, आणि दारात उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली. बसले नाहीत.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून. तुमची केली त्याच आठवड्यात त्यांची केली."

"आन जाती बी तितं?"

"दर महिन्याला जाते."

"माझ्या माघारी."

दिवसभर घोकलेली सगळी उत्तरं विसरले. जे तोंडात आलं ते बोलले. "आबा, मला काकू पाहिजे. मला तात्या पाहिजेत. तुमची मोटार जळली, माझी नाही जळली. तुम्ही साइटचं काम सोड म्हणालात तर सोडेन, पण तिकडे जाणं सोडणार नाही. उघड जाईन."

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते टेबलापाशी आले आणि पडद्याकडे बघत राहिले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी, एकेका नावाची एकेक.

"ह्ये काय?"

"ही दारं. हे डॉक्टरांचं, ही डेअरी, हे तुमचं आणि हे तात्यांचं."

"यंत्र येकच?"

"एकच."

"सामायिक हाय म्हन की."

"यंत्र सामायिक आहे. वाफे वेगळे आहेत. दारं मी धरते."

"हं," आबा म्हणाले. मग खुर्चीत बसले. "काय म्हनला त्यो, तू फोन केलास तवा?"

"म्हणाले, पाळीला कुठं भांडण असतं."

त्यांनी हाताचं कोकोपीट दुसऱ्या हाताने झाडलं. ते माझ्या कीबोर्डवर पडलं, पण ती वेळ सांगायची नव्हती. बाहेर भाजीवाल्याचा भोंगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत गेला. मग आबांनी विचारलं, "त्याचं कधी बंद पडलं तर?"

"एकच पान आहे. पडत नाही."

"पडलं तर म्हनतो मी."

"तुम्ही म्हणालात तर तुमच्याकडे वळवीन."

"म्हनलो समज."

मी मान हलवली. आबा उठतील असं वाटलं, पण ते बसूनच राहिले. मग खिशातून मोबाइल काढून म्हणाले, "आज लोकांना काय दिसत हुतं? दाव."

मी माझ्या पडद्यावर तात्यांचं नाव टाइप करायला लागले. त्यांनी माझा हात थांबवला. "तसं न्हाय. माझ्या नावावर काय दिसत हुतं त्ये दाव. कर तसं परत."

तेव्हा मला समजलं. तात्यांच्या रोपवाटिकेचं नाव या माणसाने स्वतःच्या बोटांनी जन्मात टाइप केलं नसतं, आणि मी केलेलं पाहिलंही नसतं. स्वतःचं नाव टाकायला त्यांना कुणाची ना नव्हती. मी ओळ बदलली आणि म्हटलं, "टाका आता."

आबांनी चष्मा वर केला आणि एकेक अक्षर शोधत आपल्याच रोपवाटिकेचं नाव टाकलं. पान उघडलं. वर तात्यांचा फोटो, मागच्या थंडीत मीच काढलेला. शेडनेटपुढे उभे, हातात मिरचीच्या रोपांचा ट्रे, डोक्याला मफलर. आबांनी अंगठा आणि बोट ठेवून तो मोठा केला. आणखी मोठा केला, इतका की ट्रे गेला, शेडनेट गेलं आणि पडद्यावर नुसता चेहरा राहिला.

"बारीक झालाय," आबा म्हणाले.

"शुगर आहे त्यांना."

फोटो विझायला आला की आबा पडद्याला अंगठा लावत आणि तो पुन्हा उजळे. असं त्यांनी किती वेळा केलं मी मोजलं नाही. मध्येच कुणीतरी शेतकरी बुकिंगला आला असेल, त्यालाही तात्याच दिसले असतील.

शेवटी मी विचारलं, "तुमचं चालू करू का, आबा?"

"ऱ्हाऊ दे जरा," ते म्हणाले.